बिघाडाचे कारण

पहाटे पावणेसहाला फोन वाजला
की मी बूट शोधायला लागतो.
भूपाल आवटींचा आवाज: लाईट गेलीय, मोटर बंद हाय,
नदीकडच्या लायनीला काय तरी चिकटलंय बघा.

काय तरी म्हणजे काय, ते दोघांनाही माहीत असतं.

बावीस वर्षं मी खांबावर चढतोय.
पकड, दोर, रबरी हातमोजे,
आणि खाली मान वर करून बघणारं गाव.
वाघूळ मेलं की मिटत नाही.
एक पंख एका तारेवर, दुसरा दुसरीवर,
मधली कातडी चहाच्या जुन्या फडक्यासारखी
उन्हात आरपार.
दोन तारांत अंतर अडीच फूट.
त्याचा पसारा चार फुटांच्या वर.
एवढंच भांडण.

खाली आणलं की माणसं जमतात.
कुणाला चरबी हवी असते, गुडघ्यांना चोळायला.
कुणी म्हणतं, बरं झालं, द्राक्षं खातंय मेलं.
फडकी बांधून फिरायच्या त्या वर्षी
चार पोरं सुतळी बॉम्ब घेऊन नदीकाठी गेली,
रोग येतो म्हणून.
रोग आला तो मोटरसायकलवरनं आला.

रजिस्टरात रकाना आहे: बिघाडाचे कारण.
छापील पर्याय: वादळ, फांदी, पक्षी, इतर.
मी 'पक्षी' लिहीत आलो.

मग रेहाना शिकलगार आली, विट्याच्या कॉलेजातली,
रोज तिन्हीसांजेला भिलवडीच्या घाटाकडं बसायची,
हातात टकटक वाजणारं मोजायचं यंत्र.
नदीकाठच्या सहा अर्जुनांवर
गेल्या पौषात अकराशे, यंदा सातशे चाळीस.
एक झाड रस्त्यात गेलं, एक पुरात खचलं.
म्हणाली, काका, पक्षी नव्हे हो,
अंगावर पाजतंय ते. वर्षाला एकच पिल्लू.
म्हणाली, कायद्यात आधी उंदीर-कावळ्यांच्या पंगतीला होतं,
कुणीही मारावं.
आता यादी बदलली. मारलं तर गुन्हा.
मी विचारलं, तारेवर लागतो का गुन्हा?
ती हसली नाही.

चैत्रात एक सापडलं.
आई तारेला, पिल्लू आईला.
आई गार. पिल्लाची नखं तिच्या लवेत रुतलेली,
डोळे उघडे, मला बघत असलेले.
एकेक नख सोडवताना हातमोजा काढावा लागला.
बाविसाव्या वर्षी पहिल्यांदा
खांबावर उघड्या हातानं काम केलं.
रेहानानं बुटाच्या खोक्यात कापड अंथरलं,
ड्रॉपरनं दूध पाजलं.
पाचव्या रात्री गेलं.

त्या दिवशी मला एकोणीसचा पूर आठवला.
पाणी ट्रान्सफॉर्मरच्या गळ्यापर्यंत,
आम्हीच हातानं सगळं बंद केलेलं.
गाव शाळेच्या गच्चीवर, म्हशी टेकाडावर,
आणि अर्जुनाच्या शेंड्यांना वाघळं तशीच उलटी,
खाली कृष्णा लाल, वर आभाळ काळं.
अंधार पडला की निघायची, झुंडीनं,
बुडालेल्या बागांवरनं, मेलेल्या तारांवरनं.
नऊ दिवस गावात लाईट नव्हती.
नऊ दिवसांत एकही वाघूळ मेलं नाही.

हे मी तेव्हा कुठं लिहिलं नाही.
रकाना बिघाडाचा होता.

परवा 'पक्षी'वर काट मारली.
'इतर'पुढं लिहिलं: तारांमधलं अंतर.
साहेबांनी बोलावलं. हे काय लिहिलंय?
मी म्हटलं, कारण.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला,
बराच वेळ पान उलटलं नाही.
शेवटी आवरणाची तार मंजूर झाली,
तीन गाळ्यांना पुरेल एवढी.

अर्जुनांपासून आवटींच्या बागेपर्यंत
गाळे बेचाळीस आहेत.
मी तीन निवडले, तार चढवली, उतरलो.
संध्याकाळ झाली होती.
रेहानाचं यंत्र टकटकायला लागलं,
डोक्यावरनं पहिलं गेलं, मग दहा, मग मोजता येईनात.

कुठले तीन, हे त्यांना कोण सांगणार?